मयताचे नाव

"शेवट तू बग, आन् दुसऱ्या दिवशी हितं येऊन मला सांग. फोनवर न्हाई. कुणी कुणाला मारलं ही काय फोनवर सांगायची गोष्ट हाय व्हय?"

पलूसला डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, पट्टीआडून मला म्हणाल्या. चाळीस दिवस त्यांना टीव्ही बंद होता. मालिकेतला खुनी सापडेपर्यंत गूळ खाणार नाही, असा त्यांचा तीन वर्षांचा नेम. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा आहे, गूळ-शेंगदाणे द्या. आत्याबाईंनी शेंगदाणे तेवढे घेतले.

मी शब्द दिला. माझा गुरुवारचा उपवासही साडेआठला, मालिका संपली की सुटतो. पहिल्या भागात खून झाला, तेव्हा आत्याबाई साताऱ्यात आमच्याकडेच होत्या. त्या उठल्या आणि मुकाट्यानं अंगावर पाणी घेऊन आल्या. आम्ही हसलो होतो. तेव्हापासून दर शुक्रवारी त्यांचा फोन येई. आधी आम्ही दोघी एकमेकींशी फारसं बोलत नसू. खून झाला आणि बोलणं सुरू झालं. तो उलगडला की काय बोलायचं, हा प्रश्न मी देवापुढेही मांडला नव्हता.

त्यात भारनियमनाचं नवं वेळापत्रक लागलं. आमच्या कॉलनीची वीज गुरुवारी आठ वीसला जायची होती. मी वीज कार्यालयात अर्ज घेऊन गेले. टेबलावर आकाराम नावाचे लिपिक होते.

"कारण?"

"मालिकेचा शेवट आहे."

"शेवटाला तरतूद नाही, वहिनी. लग्न, बारावीची परीक्षा आणि मयत, तीनच कारणं चालतात."

"मयत आहे की. तिथूनच सगळं सुरू झालं."

आकारामांनी चष्मा पुसला. ते मालिका बघत होते. "हे नियमात बसतं," ते म्हणाले. "मयताचं नाव लिहा."

मी पेन उचललं, पण मयताचं नाव आठवेना. मला अकराही संशयितांची नावं पाठ होती. ड्रायव्हरच्या मेहुणीचं गावही ठाऊक होतं. कॉलनीत घरोघर विचारलं. अध्यक्ष नानासो म्हणाले, "त्याला घेऊन काय करायचंय? तो पहिल्याच भागात गेला."

अर्ज 'मयताचे नाव नसल्याने त्रुटीसह परत' आला. गुरुवारी वीज आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर गेली. इन्स्पेक्टरनं बोट उचललं होतं, ते कुणाकडे वळलं ते दिसलं नाही. अंधारात मला हळूच बरं वाटलं. ते पाप मी दुसऱ्या दिवशी पहाटे पूजेत कबूल केलं.

अंधार सगळ्यांकडेच होता, तरी सकाळपर्यंत कॉलनीत पाच खुनी निघाले. नानासोंचा खुनी काका होता, कारण त्यांचा स्वतःचा काका तसाच आहे. शेजारच्या मयूरीनं सुनेवर बोट ठेवलं, कारण तेवढ्यात तिच्या सासूबाई बाहेर आल्या.

अकराला मी पुन्हा कार्यालयात गेले.

"आमची लाइन वेगळी," आकाराम म्हणाले. "आम्ही पूर्ण बघितलं."

"मग सांगा. घरी म्हातारं माणूस गुळावाचून आहे."

"सांगितलं असतं हो. पण तुमचं प्रकरण त्रुटीत आहे. मयताचं नाव आणा, खुन्याचं घेऊन जा."

मागे रांग होती. रांगेतल्या कुणालाही मयत आठवेना. खुन्याचं नाव ऐकायला मात्र सगळेच दोन पावलं पुढे सरकले. तुम्हालाही हसू आलं असेल. पण खरं सांगा, इथवर वाचताना तुम्ही कुणाच्या नावाची वाट बघत होता?

घरी येऊन देवाला हात जोडले. खोटं नाव नेणार नव्हते, खरं माझ्याकडे नव्हतं. पण गेलेल्या माणसासाठी अंगावर पाणी घेणारं आमच्यात एकच माणूस होतं. मयताचं नाव पलूसला नक्की असणार.

गुळाचा खडा कागदात बांधला, पिशवीत टाकला आणि एकच्या गाडीसाठी दार ओढून घेतलं.