दारावरची कमान मागता येत नाही

"या वर्षी मी कोणाच्याही दारावर कमान बांधणार नाही, आधीच सांगून ठेवते!"

कुंपणापलीकडून शेजारच्या व्हिबेकेचा आवाज आला आणि मी गूजबेरीच्या झुडपाखाली होते तशी गोठले. ऐकायला म्हणून बसले नव्हते हो, तण काढत होते. (तिथे तण नव्हतं, ही गोष्ट वेगळी.)

"बरं," तिचा नवरा फ्लेमिंग म्हणाला.

"मागच्या वेळी तीन दिवस हाताचा डिंक निघाला नव्हता! शिवाय पहाटे सहाला कोणाच्या तरी खिडकीखाली उभं राहून गायचं..."

"बरं."

बारा दिवसांनी, चौदा जूनला, माझ्या आणि एस्किलच्या लग्नाला पंचवीस वर्षं पूर्ण होणार होती. आणि आमच्या गल्लीत कमान म्हणजे व्हिबेके! तार तिच्याकडे, शिडी तिच्याकडे, कोणाच्या लग्नाला किती वर्षं झाली त्याची वहीसुद्धा तिच्याकडे. ती नाही म्हणाली म्हणजे गल्ली नाही म्हणाली.

तुम्ही म्हणाल, मग सरळ सांगायचं की तिला! ते जमत नाही. आम्हा डॅनिश लोकांत शेजाऱ्याकडून मीठ मागता येतं, गवत कापायचं यंत्र मागता येतं, एकदा तर फ्लेमिंगने आमची न्हाणीघराची किल्ली आठवडाभर मागून नेली होती. पण लग्नाची कमान मागता येत नाही. शेजाऱ्यांनी आपणहून पहाटे येऊन ती हिरव्या फांद्यांची बांधायची, खाली उभं राहून गायचं, आणि नवरा-बायकोने गाढ झोपेतून उठल्याचं नाटक करत "अगबाई, हे काय!" म्हणून सगळ्यांना पाव-कॉफी द्यायची. ज्याच्या दारावर कमान नाही त्याच्याबद्दल गल्लीचं काय मत आहे, ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दारावरच वाचता येतं.

पंचवीस वर्षं मी लोकांच्या दारांवर फांद्या बांधल्या. मला माझी कमान हवी होती. बस!

आणि मी काही रडत बसणाऱ्यातली नाही. माझ्याकडे माझा वर्ग होता.

दर गुरुवारी ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत मी परदेशातून आलेल्यांना डॅनिश शिकवते. कसं शिकवायचं ते मला कोणी शिकवलेलं नाही. पद्धत माझी मीच शोधून काढली आहे आणि ती अचूक आहे: भाषा शिकायची ती सणांतून! फेब्रुवारीत फास्टेलाव्हनच्या सणाला मांजराचं चित्र काढलेलं पिंप सोट्याने फोडायचं, फोडेल त्याला मुकुट, की पिंप, मांजर, सोटा, मुकुट हे शब्द जन्मात विसरत नाहीत. ईस्टरला निनावी पत्रं कातरायची, की कात्री, कागद, फूल. नाताळात खिरीतला एकुलता बदाम सापडेल त्याने गालात लपवायचा, की गाल, बदाम, लबाडी.

सेनाइत ही माझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. एरिट्रियाची, वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात कामाला. तिला तीन महिन्यांत एकशे चाळीस शब्द आले! दाढ दुखायला लागली तेव्हा तिने दातांच्या डॉक्टरांना सांगितलं, "माझ्या गालात पिंप आहे आणि आत मांजर सोटा मारतं आहे." डॉक्टरांनी बरोबर तीच दाढ काढली. आता बोला!

दुसरा बोहदान. युक्रेनचा सुतार. बोलतो कमी, ठोकतो जास्त. माझ्या कामाला याहून चांगली जोडी कुठे मिळणार होती?

"आज आपण शिकणार सोल्वब्रुलुप!" मी फळ्यावर लिहिलं. "म्हणजे चांदीचं लग्न, लग्नाची पंचवीस वर्षं. घ्या लिहून. फांदी, तार, शिडी, चंदेरी कागद, पहाट."

"पहाट किती वाजता?" बोहदानने विचारलं.

"साडेपाच," मी जरा जास्तच घाईने म्हणाले. "आता समजा हं, नुसतं समजा, की या ग्रंथालयामागच्या गल्लीत, समजा चौदा जूनला, एका साध्या मनमिळाऊ जोडप्याची..."

"कोण, बाई?" सेनाइतने मान वर केली.

"असेल गं कोणीतरी."

"तुम्हीच का?"

"छे छे छे! भलतंच काय!"

इथेच माझं नशीब फुटलं. हो म्हणाले असते तर आज हे लिहायची वेळ आली नसती. पण मी लाजले, आणि लाज लपवायला फळ्यावर घर काढत बसले. तीन खिडक्या, उतरतं छप्पर आणि लाल खडूने रंगवलेलं लाल दार. गल्लीत लाल दारं दोनच. एक आमचं आणि एक समोरच्या आयगिलचं, कारण आठ वर्षांपूर्वी उरलेला रंग एस्किलने त्यालाच दिला होता. पण आयगिल जन्माचा ब्रह्मचारी! त्याच्या दारावर कोण कमान बांधेल? शिवाय मी घर काढून दाखवते आहे म्हणजे ते माझंच, एवढं कोणालाही कळेल. माझ्या घरी या दोघांपैकी कोणी कधी आलं नव्हतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. येणार कसे? मी बोलावलंच नव्हतं. आम्ही कॉफीला बोलवायचं ठरवतो तेव्हा आधी पुढच्या वर्षीची दिनदर्शिका विकत आणतो.

तेरा तारखेला मी साठ पाव आणले आणि कपडे धुण्याच्या यंत्रात लपवले. मागच्या दाराने घरात शिरले तर एस्किल वाटेत उभा.

"आज पुढच्या दाराकडे जाऊ नकोस," तो म्हणाला.

"का रे?"

"काही नाही. उद्या कळेल."

म्हणजे हाही कटात सामील! व्हिबेकेनेच सांगितलं असणार, ते कुंपणापलीकडचं बोलणं म्हणजे निव्वळ धूळफेक! घरभर रंगाचा वास येत होता आणि मला तो ताज्या फांद्यांचा वाटला. आशा लागली की माणसाचं नाकसुद्धा कामातून जातं.

चौदाला पहाटे पाच वाजता मी उठले, केस कुरळे केले, ओठ रंगवले आणि पुन्हा पांघरुणात शिरून डोळे मिटले. साडेपाचला ठोकण्याचा आवाज सुरू झाला. ठक्, ठक्, ठक्! जरा लांबून येत होता. मी मनात म्हटलं, बिचारे, आपली झोप मोडू नये म्हणून किती हळू ठोकतात!

सहाला गाणं सुरू झालं. माझ्या वर्गाला गाणं एकच येतं, वाढदिवसाचं. तेच पूर्ण दम लावून.

"कोणाचा वाढदिवस आहे?" एस्किल दचकून उठला.

"शू! झोप! आपण झोपलोय!"

"पण मी जागा आहे, डोर्थे."

"मग झोपल्यासारखा जागा राहा!"

तीनदा "हुर्रा!" झालं, पण दाराची घंटा काही वाजेना. शेवटी मी पडदा बोटभर सरकवला.

माझे विद्यार्थी माझ्याकडे पाठ करून उभे होते. आणि आयगिलच्या दारावर, काय सांगू तुम्हाला, अशी कमान मी उभ्या जन्मात पाहिली नव्हती! फांद्या, चंदेरी गुलाब, मधोमध पंचवीसचा आकडा. त्याखाली आयगिल, अंगात गंजीफ्रॉक आणि पट्ट्यापट्ट्यांची चड्डी.

गल्ली जागी झाली होती. आणि आमचे लोक! दारावर पंचवीसचा आकडा पाहिल्यावर कोणी विचारलं नाही की बायको कुठे आहे. विचारणार कसं? वाईट दिसतं!

"अभिनंदन, आयगिल!" व्हिबेके झोपायच्या झग्यातच धावली. "आम्हाला कल्पनाच नव्हती रे!"

"मलाही नव्हती," आयगिल म्हणाला, आणि डॅनिश माणसाला काही सुचलं नाही की तो जे करतो तेच त्याने केलं. चड्डीवरच जाऊन अंगणातल्या काठीवर झेंडा चढवला. मग जरा विचार करून म्हणाला, "ती सुट्टीत गाडीमागे ओढायची कॅराव्हॅन घेऊन पंचवीस वर्षं झाली असतील."

"तेच असणार!" सगळे सुटल्यासारखे ओरडले. "कॅराव्हॅनशी पंचवीस वर्षं निभावणं म्हणजे काही खायचं काम नाही!"

मी खाली धावले आणि मागच्या दाराने बाहेर पडले, मागोमाग एस्किल. आयगिलने मला बाजूला घेतलं. "डोर्थे, एवढ्या माणसांना देऊ काय? घरात हेरिंग माशाचा अर्धा डबा आहे फक्त."

करता काय? कपडे धुण्याच्या यंत्रातले साठ पाव मी दुसऱ्याच्या कमानीखाली आणून मांडले.

"तुझ्याकडे पहाटे सहाला साठ पाव?" व्हिबेकेने विचारलं.

"असतात आपले. लागतात कधीकधी."

सगळे चावायचे थांबले. सेनाइत आमच्या घराच्या खिडक्या मोजत होती. एक, दोन, तीन. मग तिने आमच्या दाराकडे बोट दाखवलं. दार निळं होतं! निळं, ओलं, चकचकीत!

"बाई, या गल्लीत लाल दार एकच आहे ना?"

"काल दुपारपर्यंत दोन होती," एस्किल म्हणाला. "आमचं मी रंगवलं. डोर्थेला पंचवीस वर्षं निळं दार हवं होतं. भेट म्हणून..."

पंचवीस हा शब्द पावांवर पडला आणि तिथेच राहिला. बोहदानने हातोडा पाठीमागे लपवला. व्हिबेके आपल्या सपातांकडे बघत होती. साठ पावांकडे, निळ्या दाराकडे, माझ्या कुरळ्या केसांकडे सगळ्यांची नजर गेली आणि चोरासारखी परत आली.

मला अशी शांतता सहन होत नाही. अशा वेळी मी काहीतरी नीट करायला घेते.

"ही डावीकडची फांदी लोंबते आहे," मी म्हणाले आणि शिडीवर चढले. "तार आतून घ्यायची असते, बोहदान. आणि हे गुलाब इतके जवळजवळ लावतात का कोणी? थांब, मी दाखवते..."

"उतर खाली, डोर्थे!"

व्हिबेके! हातात अर्धा पाव, चेहरा लालबुंद.

"आमच्या लग्नाला पंचवीसची अर्धी, साडेबारा वर्षं झाली तेव्हा आम्ही आत कॉफी पीत होतो आणि तू बाहेर आमची कमान सोडून पुन्हा बांधत होतीस! आयगिलच्या साठीला तू गाणं मध्येच थांबवून आम्हाला पहिल्यापासून म्हणायला लावलंस! तुझी तारीख काय मला ठाऊक नव्हती? वहीत आहे! चार वेळा तुझ्या कमानीचं ठरवायला सगळे जमलो आम्ही, आणि चारही वेळा उठून घरी गेलो. तुझ्या दारावर कमान बांधायची आम्हाला भीती वाटते गं! सगळ्या गल्लीला!"

शिडीच्या वरच्या पायरीवर असताना माणसाला कोणी खरं सांगू नये. पळायला जागाच नसते. मी फांदी धरून खाली पाहिलं. एस्किलने शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती, पडू नये मी म्हणून. आणि खाली बघत, अगदी हळूच, तो होकारार्थी मान हलवत होता.