पडद्याला इस्त्री

प्रेमानंदने ठरवलं, पडदा धुवायचा. एवढंच ठरवलं होतं हो! माणसाने जन्मात एकदा तरी घरकाम मनावर घ्यावं की नाही?

बुलढाण्यातल्या त्याच्या घराच्या बाथरूममध्ये एक प्लास्टिकचा पडदा होता, निळ्या माशांचा. त्याच्या बायकोने, धम्मशीलाने, लेकीकडून पुण्याहून येताना आणलेला. तिनेच स्टुलावर चढून लावला. (प्रेमानंदने स्टूल धरलं होतं. कचेरीत तीस वर्षं त्याने याच प्रकारचं काम केलं.) पुढे चार महिन्यांत धम्मशीला गेली. उद्या वर्ष होणार. तिच्या साड्या लेकीने, समताने, केव्हाच वाटून टाकल्या. उरला हा पडदा, त्यावर बोअरच्या खाऱ्या पाण्याचा पांढरा थर आणि खाली काळी बुरशी.

कालच समताचा फोन आला होता. "बाबा, आल्याबरोबर तो घाण पडदा फेकते मी."

"फेकू नोको वं. मी धुतो."

"तुम्ही?" म्हणून ती हसली, ती हसतच राहिली. प्रेमानंदला फार लागलं ते.

सकाळी त्याने कुंपणावरून शेजारच्या आशाबाईंना विचारलं.

"कोमट पाण्यात सोडा टाका भाऊ, मऊ फडक्यानं घासा. पिळू नका. सावलीत पसरून वाळवा. तसं रोज आंघोळीनंतर ताणून ठेवला असता तं बुरशी आलीच नसती."

"रोज?"

"हाव. वहिनी ठेवत होत्या ना!"

हे त्याला आजच कळत होतं. तो गुमान आत गेला आणि दोन तास घासत बसला. मासे लख्ख निघाले. पण पसरायला जागा कुठे? त्याने पडदा चार घड्या घालून तारेवर टाकला आणि वाळला तेव्हा त्याच्या अंगभर सुरकुत्या.

आता हा माणूस तीस वर्षं इस्त्रीशिवाय कचेरीत गेला नव्हता. उद्या धम्मशीलाच्या वर्षाच्या बुद्धवंदनेसाठी पांढऱ्या शर्टाला इस्त्री करायची म्हणून ती तापलेलीच होती. त्याने पडद्यावर एकच हात फिरवला. चर्र झालं, घाण वास सुटला. उचलून पाहतो तर पडद्याला इस्त्रीच्याच मापाचं भोक! घाबरून त्याने इस्त्री हाताला आलेल्या कापडावर पुसली. तो पांढरा शर्ट होता. खिशावर निळा मासा कायमचा चिकटला.

दुपारी समता आली तेव्हा बाप पडदा मांडीवर घेऊन जमिनीवर बसलेला.

"बाबा, काय करून राह्यले?"

"तुह्या आईची एकच वस्तू राह्यली होती वं घरात. तेही मीच..."

समता शेजारी बसली. भोकातून हात घालून तिने त्याचा हात धरला. "आईची कुठची? तुमच्यासाठी आणला होता तिनं. तुम्ही आंघोळ करता तं भिंत, दार, बटन, सारं वलं. चौतीस वर्षं पुसून पुसून गुडघे गेले तिचे. माह्या घरी पडदा पाह्यला अन् म्हणे, आता मले पुसा लागत नाही."

"मले तं कधी बोलली नाही."

"तुम्ही भांग पाडेपर्यंत तिचं पुसून होत होतं, बाबा."

दुसऱ्या दिवशी प्रेमानंदने पडद्याविना आंघोळ केली. टॉवेल गुंडाळून निघाला, दारात थांबला आणि जन्मात पहिल्यांदा मागे वळून पाहिलं. पाणी थेट बटनापर्यंत उडालं होतं. हॉलमध्ये पाहुणे जमत होते, खुंटीवर माशाचा शर्ट वाट पाहत होता. (दुसरा पांढरा नव्हता.) त्याने फडकं घेतलं आणि गुडघे टेकले. दोन्ही गुडघे कडकन वाजले. एवढीशी ती जागा, पण पुसून संपेना, आणि मधेच त्याचे डोळे वाहायला लागले, त्यामुळे काम आणखी वाढलं. कसंबसं आटोपून तो धापा टाकत उठला. धम्मशीलाने हे रोज केलं होतं आणि वर चहाही ठेवला होता.

समता दारात उभी होती. तिने सगळी फरशी नीट पाहिली.

"बाबा," ती म्हणाली, "कोपरा राह्यला."