हत्तीला न तुटणारी साखळी

नवीन राज्य झालं त्याच वर्षी मी नळदुर्गच्या शाळेत कारकून म्हणून कायम झालो. राज्याइतकीच वाट मलाही पाहावी लागली होती, पण माझ्यासाठी कुणी मिरवणूक काढली नाही. फक्त माझ्या बायकोनं, लीलानं, अणदूरच्या खंडोबाला नवस बोलला होता. तेव्हा जत्रेला जाऊन भंडारा-खोबरं उधळणं आलं. जत्रेच्या दिवशी एस.टी.त पाय ठेवायला जागा नसते, म्हणून शेजारच्या लालमहंमदभाईंची सायकल मागावी, असा एक साधा विचार मी केला. (माझे सगळे घोटाळे साध्या विचारानंच सुरू होतात.)

भाई बांगडीवाले. बांगड्यांची पेटी सायकलवर लादून गावोगाव फिरायचे. मागच्या खेपेला मी सायकल नेली तेव्हा बाजारात तिचा पंप चोरीला गेला होता.

"कारकूनसाब, तुमी मानूस लई चांगले," भाई म्हणाले. "पन तुमच्या हाती चीज टिकत न्हाय. जत्रेच्या दुसऱ्या दिशी माझा बाजार. सायकल गेली तर पेटी काय डोक्यावर घिऊन फिरू?"

"भाई, मी कुलूप आणतो! साखळीचं! आणि जत्रा झाली की ते तुमच्याच सायकलला. शब्द दिला."

आता शब्द दिला म्हणजे दिला. एका मासिकात मी जाहिरात पाहिली होती. तिच्यात एक हत्ती सोंडेनं साखळी ओढत होता आणि रडकुंडीला आला होता. खाली लिहिलं होतं, 'हत्ती थकेल, साखळी नाही! ऐरावत लॉक वर्क्स. पाच वर्षांची गॅरंटी.' व्ही.पी.नं, म्हणजे पार्सल आल्यावर पोस्टात पैसे भरायच्या बोलीनं, मागवली. साखळी आली, कुलूप आलं, एक किल्ली आली.

"एकच किल्ली?" लीलानं विचारलं.

"चांगल्या कुलपाला एकच असते. दुसरी असली की चोराला सापडते," मी म्हणालो. (हे मी तिथल्या तिथं रचलं होतं.)

अणदूरला देवळाजवळच्या लिंबाला सायकल साखळीनं बांधली. किल्ली सदऱ्याच्या खिशात ठेवली. त्याच खिशात खोबऱ्याचे तुकडे होते. हात सारखा तिथंच जाणार, म्हणजे किल्लीवर आपोआप लक्ष राहणार, असा माझा हिशेब. मग देवासमोर "येळकोट येळकोट, जय मल्हार!" सुरू झालं. एकदा अंगात जोर आला की मी कारकून राहत नाही. मुठीवर मुठी उधळल्या. लीलासुद्धा कौतुकानं पाहत होती.

परत झाडाशी आलो आणि खिशात हात घातला. खोबऱ्याचा एक तुकडा निघाला.

"अहो, किल्ली?"

"उधळली."

"काय उधळली?"

"देवावर."

लीला दगडावर बसली आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. मला मात्र हसू येईना. साखळी तोडायला लोहार शोधला, तर तोही जत्रेत कुठं तरी हरवला होता. दुसऱ्याची रोजीरोटी आपण झाडाला बांधून ठेवली, हे माझ्या अगदी मनाला लागलं. आता भाईंना तोंड कसं दाखवायचं?

तेवढ्यात सिदू वाघ्या तिथं आला. देवापुढची लोखंडी साखळी, म्हणजे लंगर, एका हिसड्यात तोडण्याचा मान त्याचा. आत्ताच एक तोडून आला होता. भंडाऱ्यानं पिवळी झालेली माझी साखळी पाहून तो थबकला.

"कुनाचा लंगर हाय ह्यो?"

"माझा," मी घाईघाईनं म्हणालो.

"मग झाडाला कशापायी बांधलाव? आन् ही सायकल बी नवसाची हाय व्हय?"

"हो, हो. तीसुद्धा."

झालं! माणसं गोळा झाली. एका म्हाताऱ्यानं सायकलवर भंडारा उधळला, एका बाईनं हँडलला हात लावून नमस्कार केला. सिदूनं साखळी मुठीला गुंडाळली, बुंध्याला पाय लावला, येळकोट केला आणि दिला हिसडा. हत्तीला न तुटणारी साखळी वाळक्या शेवग्याच्या शेंगेसारखी तुटली. मला आनंद झाला आणि संतापही आला, दोन्ही एकदमच.

संध्याकाळी सायकल भाईंच्या दारात उभी केली.

"अरे वा, सायकलको हळद लगाके लाए! लगीन लावलं का तिचं?" भाई खूश होऊन म्हणाले. "आन् कुलूप?"

मी दोन तुकडे दाखवले.

"लगेच काडीमोड बी झाला?"

मी कंपनीला कडक पत्र लिहिलं. 'तुटण्याचे कारण कळवावे,' असं उत्तर आलं. मी प्रामाणिकपणे कळवलं. मग उत्तर आलं, 'आमची गॅरंटी चोर व हत्ती यांच्यापुरती आहे, देवापर्यंत नाही. तथापि ग्राहकाचे समाधान हेच आमचे ब्रीद. साखळीचे तुकडे आणि मूळ किल्ली पाठवावी, नवे कुलूप मोफत देऊ.'

मूळ किल्ली! मी कपाळाला हात लावला. पण त्याच आठवड्यात लीलानं बातमी आणली. मागच्या गल्लीतल्या कमलबाईंना म्हणे जत्रेत खंडोबानं किल्ली दिली. आम्ही दोघं धावत गेलो. देव्हाऱ्यात, देवाच्या टाकाशेजारी, माझी किल्ली! भंडारा लावलेली, फूल वाहिलेली.

"पदर पसरून हुबी हुते," कमलबाई सांगू लागल्या. "देवानं वरनं टाकली. तवापास्नं म्हस दोनी येळा दूध देती. सा म्हैने लाथा मारीत हुती बगा."

"कमलबाई, ही किल्ली..."

"काय वं?"

त्यांचा चेहरा असा फुलला होता की मी वाक्य मध्येच वळवलं.

"...लई जागृत दिसते," मी म्हणालो.

लीलानं कोपरानं ढोसलं. मी टोपी काढून माझ्याच किल्लीला नमस्कार केला. मग त्या म्हशीच्या दुधाचा चहा प्यालो. चहा झकास होता, खोटं कशाला बोलू?

राहिला भाईंना दिलेला शब्द. तो आता मी रविवारी पाळतो. भाई घरात शिरून बायकांना बांगड्या भरतात, मी दारात सायकलपाशी उभा असतो. परवा एका गिऱ्हाइकानं विचारलं, "भाई, सायकलला कुलूप न्हाय का?"

"हाय की," माझ्याकडं बोट दाखवत भाई म्हणाले. "किल्ली लागत न्हाय, निस्ता चहा लागतो."

मी अभिमानानं ताठ उभा राहिलो. मागच्या मागं नवा पंप तेवढा गेला होता.