मुलीची परीक्षा मी दिली

साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि माझं ऑफिसही घरात येऊन बसलं, तेव्हा मुलीला गणित आपणच शिकवायचं असं मी ठरवलं. (मी पाणीपुरवठा खात्यात कारकून आहे. तिथे स्वतःहून काही ठरवायची सोय नसल्यामुळे मी घरी जरा जास्तच ठरवतो.)

मुलगी सातवीत. शाळा बंद झाल्याचं कळताच ती सोफ्यावर चढून नाचली. "बाबा, ही साथ निदान दहावीपर्यंत टिकू दे." तिची आई हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासते. ती नेमकी तेव्हाच दारात चपला काढत होती. दिवसभराच्या मास्कने नाकावर वळ उठला होता. ती सरळ अंघोळीला गेली. मुलगी सोफ्यावरून उतरली खरी, पण हसू काही आवरेना. मला लाज वाटली. जगावर काय वेळ आलीय आणि ही गधडी सहलीला निघाल्यासारखी खूश!

पहिला महिना तिने लोळण्यात घालवला. ऑनलाइन वर्ग म्हणजे तर निव्वळ थट्टा. बाई विचारायच्या, "ऐकू येतंय का?" आणि पोरं एका सुरात म्हणायची, "नाही." (ऐकू येत नव्हतं तर उत्तर कुठून आलं, हे बाईंना कधी सुचलं नाही.) मुख्याध्यापक रोज व्हिडिओ पाठवून सांगायचे की हे संकट नसून संधी आहे. स्वतः मात्र मागची खिडकी घट्ट लावून बसलेले असायचे.

मग माझी शिकवणी सुरू झाली, आणि आठवडाभरातच मुलीने पहिल्यांदा विचारलं, "बाबा, शाळा कधी उघडणार?"

हा माझ्या शिकवण्याचा परिणाम आहे, असं मी बायकोला सांगितलं.

"दिसतोय," ती म्हणाली.

पुढे तर हद्दच झाली. कार्टी युनिफॉर्म घालून स्वयंपाकघरात बसायला लागली. डबा भरून घ्यायची आणि मधल्या सुट्टीत जिन्यात एकटीच खायची. एकदा शाळेच्या फाटकापर्यंत जाऊन कुलूप बघून आली. आई घरी आली की तिचे कपडे न सांगता साबणाच्या पाण्यात बुडवायची आणि विचारायची, "आज पेशंट कमी होते ना गं?"

"दहावीपर्यंत हवी होती ना साथ?" मी टोमणा मारला. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मला फार वाईट वाटलं, पण तोवर टोमणा मारून झाला होता.

शेवटी शाळेने जाहीर केलं की मुलांना अंतर ठेवून बसवायचं असल्यामुळे आधी मोजकीच बोलावू. गणितात मागे पडलेली आधी, हुशार नंतर, म्हणजे बहुधा पुढच्या वर्षी. कोण कुठे ते घरून दिलेल्या परीक्षेवरून ठरणार. आमची पोरगी गणितात वर्गात पहिली. (आईवर गेलीय.)

"मी मुद्दाम चुकणार," तिने जाहीर केलं. सरावाच्या पेपरात चुकलीही. लगेच बाईंचा फोन आला. "तुमची मुलगी नाटक करतेय. पाच सक चव्वेचाळीस म्हणे! मुख्य परीक्षेत हे खपवून घेणार नाही मी."

माझा पारा चढला. नापास व्हायचं, आणि तेही ठरवून? ऑफिसात माझी काय किंमत उरेल? "पेपर मी सांगेन तसाच लिहायचा," मी बजावलं. "बघतो कसे मार्क पडत नाहीत ते." आता आदळआपट होणार असं वाटलं होतं, पण ती निमूटपणे पेन घेऊन बसली. माझी खुर्चीही तिनेच पुढे ओढली.

पहिलाच प्रश्न माझ्या खात्यातला निघाला. एक नळ टाकी तीन तासांत भरतो, दुसरा सहा तासांत; दोन्ही एकदम सोडले तर टाकी किती वेळात भरेल?

"नऊ तास," मी ठोकून दिलं.

"बाबा, दोन नळ सोडल्यावर वेळ वाढेल?"

"वाढणारच. दाब कमी होतो. माझं आयुष्य गेलंय पाणीपुरवठ्यात."

तिने सुवाच्य अक्षरात 'नऊ तास' लिहिलं आणि खाली दाबाचं कारणही जोडलं. पुढचे सगळे प्रश्न मी त्याच तडफेने उडवले. एवढी गुणी लेक मी आजवर पाहिली नव्हती.

त्या आठवड्याच्या शेवटी बाईंचा पुन्हा फोन. आवाज एकदम मऊ. "सोमवारी तिला नक्की पाठवा. सगळ्यांत आधी तिलाच बोलावलंय. बिचारी खरंच मागे पडलीय हो, मी उगाच संशय घेतला."

मी वळून पाहिलं. मुलगी युनिफॉर्मचा आखूड झालेला स्कर्ट लांब करायला त्याची खालची शिवण उसवत बसली होती आणि तिची आई तोंडावर पदर धरून हसत होती.

"उत्तरं चुकतायत हे तुला कळत होतं, तर बोलली का नाहीस?" मी ओरडलो.

"माझ्या चुका बाई लगेच ओळखतात, बाबा," ती अगदी प्रेमाने म्हणाली. "तुझ्या कशा, मनापासून केलेल्या असतात."