कापसाच्या गिरणीत कापूसच नाही

सफाई करावी तर चकाचकनं. हे दुसरं कुणी म्हणत नसे, तो स्वतःच म्हणे. पण इतक्या वेळा म्हणे की ऑफिसात सगळ्यांना पाठ झालं होतं. जुने सिनेमे धुऊनपुसून त्यांच्या नव्या डिस्क बाजारात आणायच्या, हा त्या ऑफिसचा धंदा. फिल्मवरचे ओरखडे, डाग, धूळ मशीनवर बसून काढून टाकायची, हे याचं काम. म्हणून नाव पडलं चकाचक. घरीसुद्धा हा माणूस धुतलेला पेला परत धुऊन मगच पाणी पितो, असं त्याची बायको सांगायची, आणि त्या सांगण्यात तक्रारीपेक्षा थकवा जास्त असायचा.

त्याचं खरं वैर होतं दाण्यांशी. जुन्या फिल्मचं चित्र जवळून पाहा, सगळीकडे बारीक बारीक दाणे वळवळताना दिसतात. चकाचकला ते दिसले की अंगावर मुंग्या चढल्यासारखं व्हायचं. फिल्म स्कॅन करणारी ताई त्याला परोपरीनं समजवायची, "अरे, ती घाण नव्हे. चित्र त्या दाण्यांचंच बनलेलं असतं."

"मग घरातल्या धुळीलाही फर्निचर म्हणा, ताई," चकाचक म्हणायचा.

"अति तिथं माती," एवढं बोलून ताई आपल्या कामाला लागायची.

तर एके दिवशी ऑफिसात एका जुन्या काळ्यापांढऱ्या सिनेमाचे डबे आले. हरवला म्हणून सगळ्यांनी नाद सोडलेला सिनेमा. डब्यावरचं नाव वाचून चकाचक खुर्चीतून उठलाच. कापसाच्या गिरणीतली गोष्ट होती ती, आणि शूटिंग झालं होतं खऱ्या गिरणीत, खऱ्या कामगारांना घेऊन. त्या कामगारांत त्याच्या आत्याचे यजमान होते.

या आत्यानंच चकाचकला लहानाचा मोठा केला होता. काका मात्र त्याच्या जन्माआधीच गेले. लग्नानंतर थोडीच वर्षं संसार झाला. फोटो काढू काढू म्हणता राहूनच गेला. सिनेमात ते खांद्यावर कापसाचा गठ्ठा घेऊन येतात, एवढंच आत्याला ठाऊक होतं. सिनेमा लागला तेव्हा ती आजारी पडली होती, उठून हिंडूफिरू लागेपर्यंत तो उतरलासुद्धा. "एकदा बघायचं राहिलं रे," असं ती कधीतरी म्हणायची आणि मग उगाच स्वयंपाकघरात जायची.

चकाचकनं तिला तिथूनच फोन लावला. "आत्या, काकांना असं आणून उभं करतो, की हात लावून बघावंसं वाटेल."

"इतकी वर्षं झाली. मला ओळखू येतील ना?"

"सफाई कोण करणार आहे? मी."

मग काय, गडी पेटलाच. मशीनला जेवढा जोर लावता येत होता, तेवढा त्यानं लावला. पांढरं काही उडताना दिसलं की मशीननं ते धूळ समजून उचललं आणि दाणे तर मुळासकट खरवडले. काम झाल्यावर त्यानं साहेबांना दाखवलं. साहेब भारावून गेले. "काल शूटिंग केल्यासारखं वाटतंय," म्हणाले.

"ही कापसाची गिरणी ना?" मागून ताईनं विचारलं. "मग कापूस कुठाय?"

खरंच की. हवेत उडणारा कापूस मशीननं एकूण एक पुसून टाकला होता. कामगार नाकाला फडकी बांधून लख्ख हवेत ठसकत होते. नायिका लख्ख फरशी पुन्हा पुन्हा झाडत होती, आणि नायक छाती धरून तिला सांगत होता, की या कापसात माझा जीव गुदमरतो.

"अभिनय मात्र उत्तम आहे," साहेब म्हणाले.

चकाचकला तेवढं पुरलं. ती प्रत घेऊन तो घरी आला. आत्या केस विंचरून, ठेवणीतले कपडे घालून, चष्मा पुसून टीव्हीसमोर बसली होती. गठ्ठे घेऊन येणाऱ्या माणसांची रांग दिसताच त्यानं चित्र थांबवलं. "ओळख बघू."

आत्या पुढे सरकली. एकेक चेहरा तिनं निरखून पाहिला. "हे सगळे एकमेकांचे भाऊ आहेत का रे?"

बोलणं चुकीचं नव्हतं. सगळ्यांचे गाल सोललेल्या बटाट्यासारखे गुळगुळीत झाले होते. बायको म्हणाली, "तो उंच असेल." आत्या म्हणाली, "उंच ते कधीच नव्हते." चकाचकनं शेवटच्याकडे बोट दाखवलं. आत्या म्हणाली, "असला नवरा असता तर मी आरशात बघायचं सोडलं असतं." बायकोला हसू फुटलं. चकाचक म्हणाला, थांबा, अजून साफ करतो, आणि त्यानं टीव्हीतली चित्र साफ करायची सोयही चालू केली. आता त्या माणसांना नाकंही उरली नाहीत.

आत्यानं चष्मा काढून मांडीवर ठेवला. "यांच्यात ते नाहीत. त्यांच्या तोंडावर देवीचे व्रण होते. गालभर, कपाळभर. आधी मला तो चेहरा नकोसा वाटायचा, खोटं कशाला बोलू? मग सवय झाली. मग दुसरा कुठला चेहरा चेहराच वाटेना." ती उठली. "असू दे बाळ. तू एवढी मेहनत घेतलीस."

त्या "असू दे"नं चकाचकला घाम फुटला. काका पडद्यावर होते. यानंच त्यांना डाग समजून पुसलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो आत्याला घेऊन ऑफिसात हजर. ताईनं मूळ स्कॅन जपून ठेवला होता. तिनं तो तपासणीच्या खोलीतल्या मोठ्या पडद्यावर लावला. साहेबही काय चाललंय ते बघायला आले आणि दारातच थांबले.

पडदा जिवंत झाला. दुसरा शब्द नाही. काळा रंगसुद्धा आतून हलत होता, भिंती श्वास घेत होत्या. दाण्यांचं ते मोहोळ चकाचकनं आजवर फक्त मारायलाच पाहिलं होतं. आज पहिल्यांदा तो ते नुसतं बघत होता. सगळीकडे कापूस उडत होता, केसांवर, पापण्यांवर बसत होता. त्या पांढऱ्या धुरळ्यातून माणसं येऊ लागली, एकाचं तोंड दुसऱ्यासारखं नाही. आणि मग एक बुटका माणूस आला, खांद्यावर गठ्ठा, उघड्या मानेवर घाम, आणि तोंडभर व्रण. उन्हाची तिरीप त्यांच्यावर पडली, तेव्हा एकेका व्रणात उजेड आणि सावली दोन्ही दिसत होती.

आत्याचा हात आपोआप वर गेला आणि हवेतच राहिला. "अगंबाई," ती म्हणाली, "किती पोरगेले होते."

पडद्यावर काकांनी मान वळवली, कशाला तरी हसले आणि कापसात दिसेनासे झाले.

"परत लाव," आत्या म्हणाली.

ताईनं परत लावलं. पुन्हा लावलं. साहेबांनी डोळे टिपले आणि चकाचकच्या कानाशी येऊन पुटपुटले, "डिस्कवर हेच जाऊ दे. तू हात लावू नकोस." चकाचकनं मुकाट्यानं मान हलवली. आत्या पदरानं डोळे पुसत होती, हसत होती, पुन्हा बघत होती.

मग तिनं चष्मा नीट बसवला आणि पडद्याच्या अगदी जवळ गेली.

"ते हसतात ना, तिथं थांबव जरा. ही डाव्या हाताला टोपली घेऊन उभी आहे, ती कोण?"

कापसाच्या धुरळ्यात एक तरणीताठी कामगारीण उभी होती. काका हसले होते ते तिच्याकडे बघून. ती पण हसत होती. दाणा न् दाणा शाबूत असल्यामुळे अगदी स्पष्ट दिसत होतं.

आत्या बराच वेळ त्या बाईकडे बघत राहिली. मग तिनं चकाचकच्या दंडाला धरलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "बाळ, तेवढं हिला पुसता येईल का रे?"

"नाही येत आत्या," चकाचक म्हणाला. सफाईच्या बाबतीत हे वाक्य त्याच्या तोंडून जन्मात पहिल्यांदा निघालं होतं, आणि तेही धडधडीत खोटं होतं.