खंदारे गुरुजींचं पळसाचं पान

खंदारे गुरुजींचा जय भीम नंतर यायचा. आधी यायचं पळसाचं पान.

समोर माणूस दिसला की हुकूम सुटे, "हात पुढं करा!" आपण हात पुढे केला की गुरुजी पिशवीतून वाळकं पान काढत, आपल्या पसरलेल्या बोटांवर ठेवत आणि डोळे बारीक करून बघत राहत. पान थरथरलं तर 'कंप', नाही तर 'स्थिर'. वहीत नोंद झाली की मग आपण माणूस. "हं, जय भीम सर. काय म्हणता?"

ही सत्तरच्या दशकातली, सेनगावाकडच्या आमच्या गोरेगावची गोष्ट. आमचा जिल्हा तेव्हा परभणीच होता. शाळेत गुरुजी विज्ञान शिकवायचे, मी मराठी. शिवाय गावच्या नाटकात खलनायक मीच, त्यामुळे स्वतःबद्दल माझं मत पहिल्यापासून चांगलं.

बाजाराच्या दिवशी गुरुजींचं संशोधन फार फोफावे. एकदा डोक्यावर हरभऱ्याचं पोतं घेतलेल्या ग्यानबाला त्यांनी भर रस्त्यात अडवलं.

"गुरुजी, हात सोडला तर पोतं पडंल की!"

"एकच हात द्या."

"अन् पान हाललं तर?"

"तर मेंदूत बिघाड."

"मंग घरी सांगू नका," ग्यानबा हात पुढे करत म्हणाला. "मला मेंदू हाये हेच तिला पटत न्हाई."

गुरुजी हसले नाहीत. त्यांचं एकच पालुपद होतं. "नोंद खरी, तर इलाज खरा. त्यात दयामाया न्हाई."

इलाज हवा होता तो जनाबाईंसाठी, म्हणजे गुरुजींच्या पत्नीसाठी. त्यांना कंपवात जडला होता. ज्यांच्या गोधडीचे टाके बघायला बाया सेनगावाहून यायच्या, त्यांना सुईत दोरा ओवता येईना. बशीतला चहा ओठापर्यंत पोचता पोचता निम्मा लुगड्यावर सांडे. मग त्यांनी लग्नाकार्याला जाणं सोडलं. कुणी घरी आलं तर त्या हात पदराखाली घेऊन आत जात. "लोक तोंडाकडं बघतच न्हाईत, हाताकडंच बघतात," म्हणत.

परभणीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, मुळावर इलाज अजून जगात कुणापाशी नाही. हे ऐकून दुसरा कुणी खचला असता. गुरुजी म्हणाले, "कुणापाशीच न्हाई? मंग आपल्यालाच पहावं लागंल." जणू चष्मा हरवला होता!

त्यातच कुठल्याशा मासिकात त्यांनी वाचलं, की या दुखण्यासाठी खाजकुयलीच्या बियांवर मोठ्या दवाखान्यांत संशोधन चालू आहे. खाजकुयली! आमच्या बांधाबांधावरची ती मखमली शेंग, जिचं नाव काढलं तरी पाठ खाजते. गुरुजींनी पोतंभर आणली आणि वाळत टाकली कुठे, तर शाळेच्या ओसरीवर. त्याच दिवशी तपासणीला साहेब आले. वारा सुटला. साहेबांनी आधी मान खाजवली, मग पाठ, मग हुद्दा विसरून बाकीचं सगळं. शेवटी खाज मोडायला शिपायाने त्यांना उघडं करून अंगभर शेण चोळलं. शेणाने माखलेल्या साहेबांपुढे गुरुजी पान घेऊन उभे.

"साहेब, आलाच आहात तर हात पुढं करा."

गुरुजींची एक वेतनवाढ गेली. बिया मात्र दुधात उकडून, सोलून, भुकटी करून तयार झाल्या. पहिले पंधरा दिवस ती त्यांनी स्वतः खाल्ली. "आधी माझ्या पोटात. मी टिकलो तर तिच्या." ते टिकले. जनाबाईंचे चार दिवस बरे जात, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. गुरुजी तेही खरं तेच लिहीत.

एका संध्याकाळी मी पेपर द्यायला त्यांच्या घरी गेलो. दार उघडंच होतं. जनाबाई पाठमोऱ्या बसल्या होत्या. त्यांना वाचता येत नसे, म्हणून गुरुजी वही वाचून दाखवत होते.

"ग्यानबा, कंप. सरपंच, कंप जोराचा. अन् आपले मराठीचे सर, पान दोनदा पडलं."

"काय सांगता! येवढा तगडा माणूस?"

"काय करतीस जना, सगळं गावच थरथरून राहिलं. तू येकटी हायेस थोडीच."

मी भडकलो. दोनदा? माझं? हा हात तलवार धरून तीन अंक हलत नाही! तावातावाने पुढे झालो आणि गुरुजींच्या खांद्यावरून माझं नाव शोधलं. ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'स्थिर'. वर ग्यानबा स्थिर. सरपंच स्थिर. पानभर स्थिर. खाली एकाच नावापुढे 'कंप' होतं, जनाबाईंच्या.

चाहूल लागून जनाबाई वळल्या. हात पदराखाली गेले, त्या उठू लागल्या. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. चोरी पकडली गेलेल्या पोरासारखा तो चेहरा मी पुन्हा कधी पाहिला नाही.

"गुरुजी," मी म्हणालो, "सकाळपासून हाताचं काही खरं नाही. बघता का?"

त्यांनी पान ठेवलं. मी बोटं जराशी सैल सोडली, मग जराशी आणखी. इतकं बेतानं काम मी रंगमंचावर कधी केलं नव्हतं. पान थरथरलं, कललं आणि जमिनीवर पडलं.

जनाबाई बघत राहिल्या. मग पदराखालून हात बाहेर काढून त्यांनी ते पान उचललं. ते त्यांच्या बोटांत फडफडत होतं.

"बसा सर," त्या म्हणाल्या. "च्या टाकते. तुमी बी सांडा, मी बी सांडते."

आणि त्या आत गेल्यावर गुरुजींनी वही उघडून माझ्या नावापुढे लिहिलं, 'स्थिर'.