खांब उभा, तक्रारदार आडवा

सरकारी कामात वस्तू कशी आहे याला फारसे महत्त्व नसते. ती पडद्यावर कशी दिसते यावर निर्णय होतो, आणि म्हणूनच निर्णय वेळेवर होतात.

मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या एका वीज तक्रार कक्षात प्रभाकर साहेबांनी हे तत्त्व इतक्या निष्ठेने पाळले, की वर्षभरात एकही तक्रार शिल्लक उरली नाही. खैरलांजीकडच्या महागूने पडलेल्या खांबाशेजारी उभे राहून व्हिडिओ काढवून घेतला आणि पाठवला. कक्षाच्या पडद्यावर तो कलंडून उघडला. (तिथे सगळेच व्हिडिओ कलंडून उघडत.) साहेबांनी शेरा मारला: 'खंभा खड़ा है। शिकायतकर्ता लेटा हुआ।' खाली पेन्सिलीने: 'नशे में?' तक्रार निकाली.

एकवीस दिवस अंधारात काढून महागू तो शेरा घेऊन बसने कचेरीत आला.

"साहेब, मी उभाच होतो जी. तुमी मले काहून झोपवलं? तार पोरायच्या शाळेच्या वाटेवर पडून हाये."

"पडद्यावर खांब उभा आहे."

"मान जराशी वाकडी करून पाहा ना."

"तशी तरतूद नाही," साहेब हळहळून म्हणाले.

कंत्राटी ऑपरेटर पौर्णिमाला राहवेना. तिने कॉम्प्युटरवर कमांडची काळी खिडकी उघडून एक ओळ टाइप केली: ही फाइल घे, नव्वद अंशांत फिरव, नव्या नावाने ठेव. एंटर. पडद्यावरचा महागू ताठ उभा राहिला, खांब आडवा झाला.

"हौ! हाच मी!" महागू ओरडला.

तिला हुरूप आला. निकाली तक्रारींच्या अख्ख्या फोल्डरवर तिने तीच ओळ चालवली. चार मिनिटांत जिल्ह्यातले दोनशे चौदा खांब कोसळले.

साहेबांनी तिला नोटीस दिली: शासकीय खांब विनापरवानगी पाडल्याबद्दल खुलासा करावा. पौर्णिमाने खुलाशात तेवढी ओळच लिहून दिली. त्रिसदस्यीय समितीने ती दोनदा मोठ्याने वाचली, घातक ठरवली आणि सीलबंद केली. पौर्णिमाचे कंत्राट संपवण्यात आले. खांब पाडणारी सापडल्यामुळे खांब उभारण्याची निकड उरली नाही.

लोकांनीच न्याय करावा म्हणून पौर्णिमाने महागूचे दोन्ही व्हिडिओ मोबाइलवर सगळीकडे पाठवले. कलंडलेला, शेऱ्यासकट, अकरा हजार जणांनी पाहिला. सरळ केलेला नऊ जणांनी, त्यातल्या एकाने विचारले, "इसमें मज़ा क्या है?"

तुम्हालाही लिंक हवी असेलच. कुठली, ते विचारत नाही.